मोबाइलवरील भामटे आणि कामकरी माणसाची साधने

आपल्या ट्रस्टची वर्गणी, शिष्यवृत्तीची रक्कम, आजारपणातील मदत, हे सारे हल्ली मोबाइलवरूनच येते-जाते. मकरपुऱ्याच्या कारखान्यातील कामगार असो, मांडवीतील दुकानदार असो किंवा घरी शिवणकाम करणारी भगिनी असो, प्रत्येकाची महिन्याची कमाई त्या हातातल्या यंत्रात असते. म्हणून स्मरणिकेच्या या पानांत त्याविषयी चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात असे आम्हांस वाटले.

यूपीआय २०१६ साली सुरू झाले. त्यातील पिन हा पैसे देण्यासाठी आहे. घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. कोणी जुने कपाट विकावयास काढतो. लगेच फोन येतो, ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, आगाऊ रक्कम पाठवितो, हा कोड स्कॅन करून पिन घाला.’ पिन घातला की पैसे येत नाहीत, जातात. लष्कराचे नाव घेतले म्हणजे आपली माणसे संशय घेत नाहीत, हे भामट्यांस चांगले ठाऊक असते.

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येतात. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. ज्या फाईलच्या नावाशेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतील ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. ते बसविले आणि मागेल ती परवानगी दिली की फोनवर येणारे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ लागतात. ओळखीच्या क्रमांकावरून आली एवढ्यावरही विसंबू नये, कारण त्या गृहस्थांचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असण्याचा संभव असतो.

वडील मंडळींस विशेष सांगावयाचे ते ‘डिजिटल अटके’बद्दल. पोलिसी गणवेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर दिसतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो, आणि घरात कोणास सांगू नका अशी ताकीद देतो. या ताकिदीतच सारे कपट आहे. मुलगा किंवा सून शेजारच्या खोलीत असताना माणूस अब्रूच्या भयाने आयुष्याची पुंजी पाठवून मोकळा होतो. अशी अटक कायद्यात नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरून हे सांगितले होते. फोन बंद करावा आणि आधी घरच्यांस हाक मारावी.

आता साधनांकडे वळू. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक उमंग ॲपवर पाहता येते. पगारातून कापलेली रक्कम मालकाने खरोखर भरली की नाही, हे त्यात महिन्यागणिक दिसते. आमच्या मते कारखान्यातील माणसाला याहून मोलाचे ॲप नाही. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम २०२१ साली सुरू झाले. डिजिलॉकरमध्ये लायसन्स वगैरे ठेवता येते. संचार साथीवर आपल्या नावे किती सिम चालू आहेत ते कळते आणि हरवलेला फोन बंद पाडता येतो. आधारचे अंगठ्याचे ठसेही कुलूपबंद करता येतात. मात्र जे अंगठा लावून पैसे काढतात त्यांनी तेवढ्यापुरते कुलूप उघडावे लागेल. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ असा संपतो की नाही तेही पाहावे. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना तसा आदेश दिला आहे.

तरुणांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. चोरीचा पैसा लपविण्यासाठी भामट्यांना दुसऱ्यांची खाती लागतात. थोड्याशा कमिशनसाठी आपले खाते वापरावयास देणारा मुलगा स्वतःस निर्दोष समजतो, पण पोलिसांच्या कागदांवर पहिले नाव त्याचेच लागते.

पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा आणि बँकेसही कळवावे. चोरलेली रक्कम थोड्याच वेळात अशा चार-पाच खात्यांतून फिरून बाहेर निघते. त्याआधी तक्रार पोहोचली तर ती वाटेत अडविता येते. रात्र आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. फोन करताना आपला खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयच्या पावतीवरील १२ आकडी व्यवहार क्रमांक जवळ ठेवावा. तो ॲपमध्ये व्यवहारांच्या यादीत सापडतो.