रांजण, माळवद आणि भर उन्हाळ्यातला रोजा

2018 साली रमजान मेच्या मध्यावर सुरू झाला आणि जूनच्या मध्यावर संपला. मराठवाड्यात त्या दिवसांत सहेरी, म्हणजे रोजा धरण्यापूर्वीचे पहाटेचे जेवण, साडेचारच्या आत उरकावे लागते आणि सूर्य मावळतो सातच्या सुमारास. मधले साधारण साडेचौदा तास अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. शहरातल्या रोजेदाराला कूलर असतो, फ्रीज असतो, निदान मशिदीतला पंखा तरी असतो. शेतवस्तीवरच्या घरात यातले काही नसते. तिथे कुठे विजेची तार पोचलेली नाही, तर कुठे पोचूनही तिचा भरवसा नाही. पाणी तर नळाने येतच नाही. ते विहिरीवरून, हापशावरून किंवा टँकरवरून आणावे लागते. तरीही त्या घरांतल्या माणसांनी ते रोजे पूर्ण केले. कशाच्या जोरावर, असे विचारले तर श्रद्धा हे उत्तर पहिले येईल आणि ते खरेही आहे. पण श्रद्धेच्या जोडीला त्या घरात एक रांजण होता, एक माळवद होते आणि पाणी कसे राखायचे हे जाणणारी एक दादी होती.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत ऋतूंचा फेरा पुरा करतो. आता तो फेब्रुवारी-मार्चपर्यंत आला आहे. यापुढे थंडी, मग पावसाळा असा उलटा प्रवास करत तो पुन्हा भर मे महिन्यात येईल 2050 च्या आसपास. 2018 मध्ये ज्या दहा वर्षांच्या मुलाने आयुष्यातला पहिला रोजा धरला, ते मूल तेव्हा चाळिशी ओलांडलेले असेल. दादीला जे ठाऊक होते ते तिला मधल्या काळात कुणी विचारलेच नाही, तर त्याच्या घरी ते पोचणार कसे, हा प्रश्न आहे.

सुरुवात घडवंचीपासून करावी लागेल. पाण्याचे घडे ठेवायच्या या लाकडी चौकटीला मराठीत घडवंची म्हणतात आणि उर्दूत घडौंची. शब्द एकाच घरातला आहे, आणि चौकटही दोन्ही घरांत सारखीच असते. ती ठेवायची जागा मात्र ठरलेली. सावलीत, पण वारा लागेल अशी. नवखा माणूस माठ घरातल्या कोंदट कोपऱ्यात नेऊन ठेवतो आणि पाणी गार होत नाही म्हणून कुंभाराला दोष देतो. माठ गार होतो तो बाहेरच्या बाजूने. मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरलेले पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होते आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची अशी वाफ व्हायला सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता लागते. हिशोबाने पाहिले तर तेवढी उष्णता काढून घेतल्यावर 58 लिटर पाणी 10 अंशांनी गार व्हावे. प्रत्यक्षात बाहेरची गरमी आत येत राहते, त्यामुळे हिशोब इतका चोख जुळत नाही. पण थोडे पाणी खर्चून बरेच पाणी गार होते ही गोष्ट खरी. मराठवाड्यातल्या चाळीस अंशांच्या कोरड्या दुपारी चांगल्या माठातले पाणी पंचविशीच्या आसपास मिळते. हाच माठ रत्नागिरीला किंवा मुंबईला नेला तर दमट हवेत तो एवढी करामत दाखवत नाही.

माठाला शेवाळ किंवा क्षार धरले की छिद्रे बुजतात. म्हणून तो आतून-बाहेरून घासायचा, पण साबण लावायचा नाही. माती साबण पिते आणि मग पाण्याला वास येतो. रंग दिलेला चकचकीत माठ बाजारात देखणा दिसतो, पण त्याने पाझरायचे कुठून? घडवंचीखाली थेंब पडतात तिथे पुदिना लावायचा. इफ्तारच्या चटणीला तोच येतो.

पाणी राखण्याचे काम रांजणाचे. तो अर्धा जमिनीत पुरलेला असतो, कारण जमीन खोलवर थंड राहते आणि पुरलेला भाग उन्हाच्या तडाख्यातून सुटतो. वरच्या भागाला ओले गोणपाट गुंडाळले की झाले. भाजीसाठी याच युक्तीचा वापर नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने केला. एका मातीच्या भांड्यात दुसरे ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरायची आणि वर ओले कापड टाकायचे. उत्तर नायजेरियातल्या वीज नसलेल्या, बहुतांश मुस्लिम वस्तीच्या खेड्यांत त्यांनी ही भांडी पोचवली, तेव्हा भाजी दिवसांऐवजी आठवडे टिकू लागली. रोजची भाजी रोज विकायला जायची सक्ती सुटली, म्हणून मुली शाळेत जाऊ लागल्या. या कामाला रोलेक्स पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या वस्तीवर हेच करायला वेगळे काही आणावे लागत नाही.

आता छत. जुन्या घराला माळवद असते. लाकडी सरांवर फळ्या किंवा तुराट्या, त्यावर लिंबाचा पाला आणि वर मातीचा जाड थर. पावसाआधी त्यावर खारी माती टाकून घ्यायची, म्हणजे गळत नाही. जाड भिंती आणि हे छत दिवसभर ऊन पितात, पण ते आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर घरातली माणसे अंगणात बाजेवर गेलेली असतात. औरंगाबादच्या पाणचक्कीला जाऊन आलेल्यांना हा अनुभव वेगळ्या रूपात आलेला असेल. तिथल्या मोठ्या हौदाच्या खाली एक दालन आहे. डोक्यावर पाण्याचा एवढा भार असल्यामुळे मे महिन्यातही आत शिरताच अंगावरचे ऊन उतरते. तिथे पाण्याने जे केले ते वस्तीवरच्या घरात माती करते.

माळवदे मात्र जात चालली आहेत. लाकूड महाग, दरवर्षी माती टाकणारे हात कमी, उंदीर-विंचवांचा त्रास वेगळा. त्यांच्या जागी पत्रा आला. पत्र्याखाली दुपारी बसवत नाही हे कुणालाही सांगायला नको. पण पत्र्याची एक बाजू न्यायाने सांगितली पाहिजे. माळवदावरून येणारे पावसाचे पाणी गढूळ असते, पत्र्यावरचे स्वच्छ. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. 50 चौरस मीटर पत्र्यावर 600 मिलिमीटर पाऊस म्हणजे 30 हजार लिटर. पहिल्या पावसाचे धुण्याचे पाणी आणि नासधूस वजा जाता 24 हजार धरा. पाच माणसांच्या घराला पिण्यास आणि स्वयंपाकाला रोज 50 लिटर लागले, तर ते वर्षभर पुरून उरते. अडचण आहे ती एवढे पाणी साठवायची. हजार लिटरच्या प्लास्टिकच्या काळ्या टाकीत ते मावत नाही, आणि जे मावते ते उन्हात चहासारखे होते. म्हणून टाके जमिनीखाली हवे. ज्याला नव्याने बांधायचे आहे त्याने गोठ्यावर आणि पडवीवर पत्रा टाकून पाणी धरावे आणि झोपायच्या खोलीवर मातीचे छत राखावे, यात कमीपणा काही नाही. आहे त्या पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात दिला किंवा कडबा पसरला तरी फरक पडतो. कडब्याला फक्त चुलीच्या ठिणगीपासून जपायचे.

दारे-खिडक्यांबाबत बहुतेकजण नेमके उलटे करतात. दुपारी हवा यावी म्हणून सगळे उघडतात आणि रात्री चोराच्या धाकाने बंद करतात. दुपारची हवा घरातल्या हवेपेक्षा तापलेली असते. ती बाहेरच ठेवायची. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून घर गार करण्याची पद्धत सरदार-नवाबांच्या वाड्यांत शोभून दिसे, कारण पाणी मारणारे नोकर होते आणि पाणीही होते. जिथे घागर मोजून येते तिथे घर गार करण्याच्या नादी लागू नये. माणूस गार करावा, त्याला पाणी कमी लागते. सौर पट्टीवर चालणारा छोटा पंखा आता काही वस्त्यांवर दिसतो आणि तो चांगलाच आहे, पण पारा चाळिशीच्या वर गेला की नुसत्या पंख्याने अंगावर गरम वाराच येतो. ओला पंचा मानेवर, डोक्यावर ठेवला की तोच पंखा कामाला येतो.

इथे अनेक रोजेदारांना शंका असते की अंगावर पाणी घेतल्याने रोजा बिघडेल का. पैगंबर मुहम्मद साहेबांनी स्वतः रोज्यात, उन्हामुळे किंवा तहानेमुळे, डोक्यावर पाणी घेतल्याची नोंद हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचन-आचरणाच्या संग्रहात आहे. आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. उन्हाने माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तिथेच रोजा सोडून सावलीत न्यायचे, अंग ओले करून वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. शुद्ध असेल तरच पाणी पाजायचे. तो रोजा नंतर भरून काढता येतो.

पाण्याच्या मोजमापाबद्दल हदीसमध्ये जे आहे ते शहरातल्या वाचकांनाही नवे वाटेल. पैगंबर एक मुद पाण्यात वजू करत, म्हणजे नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुऊन घेत. मुद म्हणजे दोन हातांची भरलेली ओंजळ, साधारण 700 मिलिलिटर. आज मशिदीत नळ सोडून वजू करणाऱ्याचे पाच-सहा लिटर कधी वाहून जातात ते त्याला कळतही नाही. वस्तीवर मात्र तोटीच्या बधन्याने वजू होतो आणि पाणी लिंबाच्या आळ्यात जाते. पाणी फक्त पिण्यापुरतेच उरले असेल, तर वजूऐवजी स्वच्छ मातीवर हात टेकवून तयम्मुम करायची परवानगी शरीयतने दिली आहे. तहान भागवणे आधी.

पाच वेळच्या नमाजाचे पाणी भरून कोण ठेवते, हा प्रश्न मात्र धर्माच्या चर्चेत फार कुणी विचारत नाही. वस्तीवर ते बाई भरते, तीही रोज्यातच असते, आणि तिच्या डोक्यावरची हंड्याची उतरंड बधना घेऊन बसलेल्या माणसाला दिसत नाही. बधन्यात एक ओंजळ वाचली तर तिची एखादी खेप वाचते. पाणी पाजणे हे सर्वांत चांगले दान, असे पैगंबरांनी साद बिन उबादा यांना सांगितले आणि त्यांनी आईच्या नावाने विहीर खोदली, ही कथा रमजानमध्ये आवडीने सांगितली जाते. आपल्याकडे अक्षय तृतीयेला भरलेला माठ दान देतात, चैत्रात पाणपोई घालतात, त्याची जातकुळी हीच. रमजानमध्ये जकात आणि सदक्यासाठी पैसे बाजूला निघतातच. वस्तीवरच्या एखाद्या घराला सदक्यातून जमिनीखालचे टाके बांधून दिले तर ते इफ्तारच्या फळांच्या ताटापेक्षा जास्त दिवस पुरेल, आणि पाणी प्यायला येणाऱ्याचा धर्म टाके विचारत नाही.

साठवलेले पाणी निर्मळ राखणे हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळू द्यायचे, वरचे पाणी कापडाने गाळून घ्यायचे. गाळणे म्हणजे जुन्या बायकांची समजूत, असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला बांगलादेशातल्या मतलब भागाचा आहे. तिथल्या खेड्यांत रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या साडीची अनेक पदरी घडी करून पाणी गाळायला सांगितले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कॉलऱ्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले. जुनी साडी नव्यापेक्षा चांगली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुगून छिद्रे बारीक होतात. तरीही गाळलेले पाणी उकळलेल्याची जागा घेत नाही. घरात तान्हे मूल असेल तर त्याचे पाणी उकळूनच ठेवावे. रांजणात हात घालायचा नाही, लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच पाणी काढायचे. लहान मुलाने पेला बुडवला की दादीचा आवाज अंगणापर्यंत येतो, “बेटा, हात नको डाल, डोई ले!”

रात्री तरावीहची नमाज झाली की उद्याच्या सहेरीसाठी माठ भरून ठेवतात. रात्री भांडी झाकून ठेवा, पखालीची तोंडे बांधा, आणि झाकायला काहीच नसेल तर निदान एखादी काडी आडवी ठेवा, असेही हदीसमध्ये सांगितले आहे. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्याची पिढी तयार होते. त्याला काडी अडवत नाही. म्हणून रांजणाच्या तोंडाला सुती कापड दोरीने आवळून बांधायचे, आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारच्या आदल्या दिवशी म्हटले तरी चालेल, तळ घासून, कोरडा करून रांजण पुन्हा भरायचा.