ओढणे आणि आवरणे

दिवाळी उलटली की वऱ्हाडातील रस्त्यांवर कापसाची वर्दळ सुरू होते. गावोगावच्या बंड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि मालमोटारी अकोला, अमरावती, खामगाव येथील बाजारांची वाट धरतात. मालमोटारीचे इंजिन आणि माल हे एकाच सांगाड्यावर असतात. बंडीची आणि ट्रॉलीची गोष्ट निराळी आहे. तेथे ओढणारा एक आणि ओढली जाणारी गाडी दुसरी. मधल्या सांध्यापुरताच काय तो दोघांचा संबंध. पण त्या एवढ्याशा सांध्यावर किती भार पडतो, यावर सारा प्रवास सुखाचा होणार की संकटाचा, हे अवलंबून असते.

हीच रचना लहान प्रमाणावर पाहावयाची असेल, तर मोटारीच्या मागे जोडावयाचा हलका ट्रेलर पाहावा. त्याला इंजिन नसते, चालक नसतो, आणि लहान ट्रेलरला बहुधा स्वतःचा ब्रेकही नसतो. एक आस, दोन चाके, वर एक उघडी पेटी आणि पुढे एक दांडी, एवढाच त्याचा संसार. दांडीच्या टोकाला वाटीच्या आकाराची पकड असते. ती मोटारीच्या मागे बसविलेल्या पोलादी गोळ्यावर अडकवितात. वाटी गोळ्यावर सर्व बाजूंना फिरू शकते, म्हणून वळणावर, चढावर व खड्ड्यांतून ट्रेलर मोटारीच्या मागोमाग येतो. सांधा चुकून सुटलाच, तर ट्रेलर वाऱ्यावर जाऊ नये म्हणून एक मजबूत साखळीही दोघांना बांधून ठेवते.

समजा, अकोल्याच्या एका कुटुंबाजवळ जुनी फियाट मोटार आहे. ही मोटार मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा हा कारखाना. पुढे हीच मोटार ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघरी माहीत झाली. तिचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी हौशी लोकांनी अशा मोटारी प्रेमाने सांभाळून ठेवल्या आहेत. तिचे वजन सुमारे नऊशे किलो. इंजिन लहान, पण चपळ. त्या काळी मोटारींच्या शर्यतींतही या गाड्या उतरत असत. आता उन्हाळ्याच्या सुटीत या कुटुंबाला तंबू, भांडीकुंडी आणि शिधा घेऊन चिखलदऱ्यास जावयाचे आहे. सामान मोटारीत मावत नाही, म्हणून मागे एक लहान ट्रेलर जोडावयाचा बेत आहे. रिकामा ट्रेलर १२० किलोंचा आणि सामान १८० किलोंचे, म्हणजे एकूण ३०० किलो. जुन्या मोटारीला हे झेपेल काय?

या प्रश्नाचे उत्तर देताना पुष्कळ लोक केवळ इंजिनाकडे पाहतात. सपाट रस्त्यावर तीनशे किलो ओढणे त्या इंजिनाला फारसे अवघड नाही. पण वऱ्हाडातील कास्तकाराला विचारा. तळेगाव दशासरच्या शंकरपटात हलका छकडा घेऊन वाऱ्यासारखी धावणारी जोडी आणि कापसाची भरली बंडी उतारावरून सावरून आणणारी जोडी, या दोहोंत तो भेद करतो. धावणे निराळे आणि भार सांभाळणे निराळे. म्हणून खरा प्रश्न ‘मोटार हा भार ओढू शकेल काय?’ एवढाच नसून ‘ती हा भार आवरू शकेल काय?’ हाही आहे.

पहिली गोष्ट भार कोठे ठेवावा ही. बंडी भरताना जाणता धुरकरी सारा माल मागे रचीत नाही. तसे केल्यास बंडी उलाळ होते. धुरा वर उचलला जातो आणि जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. सारा माल पुढे रचला, तर धुरा जड होऊन बैलांच्या मानेवर अतोनात दाब येतो. म्हणून माल आसाच्या आसपास रचून तो किंचित पुढे झुकता ठेवतात. वाटेत चढ लागला की भार मागे कलतो, तेव्हा धुरकरी पुढे सरकून बसतो. उतार लागला की तो मागे सरकतो. आपल्या देहाच्या वजनाने तो तराजूची दांडी सारखी करीत असतो.

ट्रेलरलाही हाच नियम लागू आहे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी शेकडा पाच ते दहा हिस्सा सांध्यावर पडावा, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या तीनशे किलोंच्या ट्रेलरच्या बाबतीत हा भार पंधरा ते तीस किलो होतो. तो मोजणे सोपे आहे. ट्रेलर सपाट जागी उभा करावा आणि दांडीच्या टोकाखाली एक ठोकळा ठेवून तो माणसांच्या वजनकाट्यावर टेकवावा. भार कमीअधिक असल्यास सामान पुढेमागे सरकवावे. आसापासून सांधा दोन मीटर पुढे आहे असे समजू. वीस किलोंचे पोते आसाच्या अर्धा मीटर मागे ठेवले, तर सांध्यावरील भार पाच किलोंनी कमी होतो. तेच पोते आसाच्या अर्धा मीटर पुढे आणले, तर भार पाच किलोंनी वाढतो. म्हणजे एक पोते एक मीटर सरकविल्याने दहा किलोंचा फरक पडला! बागेतील डोलफळीवर बसलेल्या मुलांना हे गणित निराळे शिकवावयास नको.

सांध्यावर पुरेसा भार नसेल, तर काय घडते? प्रारंभी काहीच घडत नाही, आणि येथेच मनुष्य फसतो. ताशी तीस किलोमीटरने ट्रेलर निमूटपणे मागून येतो. वेग वाढला, आणि वाऱ्याचा झोत आला किंवा चालकाने एकदम चाक फिरविले, की ट्रेलरची शेपटी एका बाजूस जाते, मग दुसऱ्या बाजूस, आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर ती मोटारीची मागची बाजूही ओढू लागते. बाणाचे टोक जड असते म्हणून तो सरळ जातो. ज्याची शेपटीच जड, तो बाण भरकटावयाचाच! अशा वेळी घाबरून ब्रेक दाबला किंवा वेग वाढविला, तर अनर्थ ओढवतो. सुकाणू सरळ व स्थिर धरावे, वेगाच्या पट्टीवरील पाय हळूहळू काढून घ्यावा आणि गाडी आपोआप मंद होऊ द्यावी. हेलकावे थांबल्यावर बाजूस थांबून सामान पुन्हा रचावे.

अकोला ते अमरावती हा रस्ता आज फार चांगला झाला आहे. २०२२ च्या जून महिन्यात या मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर अखंड पसरण्यात आला आणि त्या कामाची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. पूर्वी खड्डेच चालकाला सावकाश जावयास लावीत. आता गुळगुळीत रस्त्यावर वेगाचा मोह होतो. परंतु ट्रेलरचे हेलकावे वेगाबरोबर वाढतात, हे ध्यानात ठेवले म्हणजे चांगल्या रस्त्यावर अधिक संयम का हवा, हे कळते.

दुसरी गोष्ट थांबण्याची. चार माणसे बसल्यावर आपल्या मोटारीचे वजन सुमारे बाराशे किलो होते. ट्रेलरचे तीनशे मिळविले म्हणजे पंधराशे. भार सव्वापट झाला. पण ब्रेक मात्र मोटारीचेच राहिले. एरव्ही मोटार ब्रेक लावल्यावर चाळीस मीटरांत थांबत असेल, तर ब्रेकच्या त्याच जोरावर आता तिला पन्नास मीटर लागतील. वेगाचा हिशेब तर याहून कडक आहे. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. मुर्तिजापूरजवळ एखादी म्हैस अवचित रस्त्यावर आली, तर हे दहा मीटर म्हणजे एका जिवाचे मोल होय. म्हणून मागे ट्रेलर असताना पुढील वाहनापासून नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक अंतर ठेवावे.

आता घाट पाहू. परतवाड्याहून चिखलदऱ्यास चढताना रस्ता सुमारे सातशे मीटर उंच जातो. मे महिन्यात वऱ्हाडात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात भार घेऊन मंद गतीने चढताना जुन्या इंजिनातील पाणी उकळू लागते. तेव्हा पहाटेच निघावे, मधून मधून सावलीत थांबावे आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

तथापि चढापेक्षा उतार अधिक कठीण. चढावर शक्ती कमी पडली, तर गाडी थांबते. उतारावर शक्ती कमी पडली, तर गाडी थांबत नाही. पंधराशे किलो भार सातशे मीटर खाली उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने सुमारे तीस लिटर थंड पाण्याला उकळी आणता येईल. ही सारी उष्णता ब्रेकने गिळावी असे म्हटले, तर तो बिचारा तापून निकामी होतो. पाय दाबला तरी गाडी आवरत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच खालच्या गिअरमध्ये तो उतरावा. इंजिन चाकांना मागे खेचून धरते आणि ब्रेकला विसावा मिळतो. भरल्या बंडीचा धुरकरी उतारावर बैलांना पळवीत नाही. कासरा ओढून त्यांना पाऊल पाऊल चालवितो. त्याच्या कृतीमागील तत्त्व हेच आहे.

आणखी काही गोष्टी सांगावयास हव्यात. गोळा कोठे बसवावा? चेन्नईला तयार होणाऱ्या जुन्या स्टँडर्ड हेरल्ड मोटारीला पायाशी निराळा पोलादी सांगाडा असे. त्यावर गोळा पक्का बसविता येतो. फियाटचे धूड व सांगाडा एकच आहेत. तिच्या पत्र्याला नुसते भोक पाडून गोळा अडकविला, तर ओढ त्या एकाच ठिकाणी बसून पत्रा फाटेल. तेथे मजबूत पट्ट्या लावून ओढ चहूंकडे वाटावी लागते. त्यासाठी जाणत्या कारागिराचाच हात हवा. मागे येताना तर नवशिक्याची त्रेधा उडते, कारण सुकाणू डावीकडे फिरविले की ट्रेलरची शेपटी उजवीकडे वळते. मोकळ्या मैदानात हे शिकून घेतल्यावाचून रस्त्यावर येऊ नये. कायद्याच्या दृष्टीनेही ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाप्रमाणे त्याची नोंदणी करावी लागते. त्याचा स्वतःचा क्रमांक त्याच्या बाजूवर लिहितात आणि ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांकही ट्रेलरवर दाखवावा लागतो. मोटारीचे मागचे दिवे ट्रेलरच्या आड जातात, म्हणून थांबण्याचे व वळण्याचे दिवे ट्रेलरलाही हवेत.

तेव्हा अकोल्याच्या त्या कुटुंबाला काय सांगावे? ब्रेक तपासून घ्या, सामान तोलून रचा, सांधा आणि साखळी हाताने ओढून पाहा, वेग मर्यादेत ठेवा, आणि मग खुशाल निघा. यांपैकी एकही गोष्ट जमत नसेल, तर सामान कमी करा किंवा ते दुसऱ्या वाहनाने पाठवा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

कापसाच्या दिवसांत तुम्हीही रस्त्याच्या कडेला उभे राहून जाणाऱ्या ट्रॉल्या न्याहाळा. कोणत्या ट्रॉलीचा भार मागे कललेला आहे? कोणाच्या सांध्याला साखळी नाही? कोणाच्या पाठीवर तांबडा दिवा किंवा चकाकणारी पट्टी नाही? अंधारात उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अगदी जवळ आल्यावरच दिसते. तुमच्या घरी अशी ट्रॉली असेल, तर सायंकाळी ती बाजारास निघण्यापूर्वी एक तांबडी पट्टी तिच्या मागे लावा. ते काम तुमच्या वयाच्या मुलाला सहज करता येईल आणि त्याने कोणाचा तरी जीव वाचेल.