दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झाली, आता गाडीचा इन्शुरन्स मिळेल का?



आपल्यापैकी बऱ्याच जणांचा धंदा चार चाकांवर उभा असतो. कुणाचा केटरिंगचा टेम्पो, कुणाची टूरिस्ट कार, कुणाची दुधाची पिकअप. अशा वेळी ड्रायव्हर किंवा मालक स्वतःच 'ड्रंक अँड ड्राइव्ह'मध्ये सापडला आणि कोर्टात शिक्षा झाली, की पहिला प्रश्न येतो: आता इन्शुरन्स कंपनी आपल्याला दारात उभं करेल का?

सरळ उत्तर सांगतो. आपल्याकडे पॉलिसी मिळणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते त्या पॉलिसीतून पैसे मिळणं. हा फरक कळला नाही, तर एका रात्रीत धंदा बसू शकतो. म्हणून नीट समजून घेऊ.

आधी कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

लोक दंडाची पावती घेऊन सुटलो म्हणतात. पण याच कायद्याचं कलम २० सांगतं की, या गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर कोर्टाने त्या माणसाला लायसन्ससाठी किमान ६ महिने अपात्र ठरवायचं. धंद्याच्या दृष्टीने मोठा फटका दंडाचा नाही, या सहा महिन्यांचा आहे.

इंटरनेटवरच्या माहितीने गोंधळू नका

या विषयावर शोधलं की 'एसआर-२२' नावाचा फॉर्म आणि दुप्पट-तिप्पट प्रीमियमच्या गोष्टी दिसतात. ती अमेरिकेतली पद्धत. तिथे अनेक राज्यांत अशा शिक्षेनंतर, तुमचा विमा चालू असल्याचं प्रमाणपत्र विमा कंपनीला सरकारकडे पाठवावं लागतं आणि प्रीमियमही वाढतो. आपल्याकडे असा फॉर्म नाही.

आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याचे दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला कर सोडून २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये. हा दर इंजिनावर ठरतो. ड्रायव्हर कधी पकडला गेला होता का, हे त्यात धरलेलं नाही. शिवाय थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे 'ओन डॅमेज'चा प्रीमियम मात्र कंपनी ठरवते. तिथे कंपन्या गाडीची किंमत, वय आणि मागचे क्लेम बघतात. नो क्लेम बोनसही क्लेमशी जोडलेला आहे, चलनाशी नाही. पण हे कायम असंच राहील असं धरून चालू नका. २०२१ साली विमा नियामक आयआरडीएआयच्या एका कार्यगटाने नियमभंगानुसार जास्त प्रीमियम घेण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्यात सगळ्यात जास्त, म्हणजे १०० गुण, दारू पिऊन गाडी चालवण्याला होते.

मग अडचण कुठे आहे?

अडचण क्लेमच्या वेळी येते. तीन ठिकाणी.

पहिलं, गाडीचं नुकसान. पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की विमाधारक किंवा त्याच्या माहितीने आणि संमतीने गाडी चालवणारा माणूस दारूच्या अमलाखाली असेल, तर नुकसानभरपाई नाही. इथे 'माहिती आणि संमती' ही गाडी चालवण्याला आहे. त्यामुळे "साहेब, तो प्यायलाय हे मला कुठे माहीत होतं" हा बचाव टिकणं कठीण.

आणि "ब्रेथ टेस्टच झाली नाही, मग सिद्ध कसं करणार?" असंही म्हणू नका. १२ एप्रिल २०२१ ला सुप्रीम कोर्टाने इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या खटल्यात निकाल दिला. गाडी कंपनीच्या मालकीची पोर्श, २००७ साली दिल्लीत अपघात, गाडी पूर्ण गेली. टेस्टचा आकडा नव्हता. तरी तोंडाला येणारा दारूचा वास आणि अपघाताची परिस्थिती बघून कोर्टाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. क्लेम गेला.

दुसरं, समोरच्या माणसाची भरपाई. ही जास्त गंभीर गोष्ट आहे. तुमचा ड्रायव्हर तुमच्या कामावर असताना कुणाला धडकला, तर भरपाईची जबाबदारी मालकावरही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५० मध्ये दारूच्या अमलाखाली गाडी चालवणं हा विमा कंपनीचा बचाव म्हणून लिहिला गेला आहे. जखमी माणूस उपाशी राहू नये म्हणून कोर्टं बरेचदा कंपनीला आधी पैसे भरायला लावतात आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. समजा भरपाई ठरली २० लाख. कंपनीने भरले आणि वसुलीची नोटीस तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर आली. छोट्या धंद्यात एवढे पैसे कुठून आणणार?

तिसरं, अपात्रतेचा काळ. त्या सहा महिन्यांत तोच माणूस पुन्हा स्टेअरिंगवर बसला आणि अपघात झाला, तर तो शुद्धीत असला तरी पॉलिसीतल्या 'ड्रायव्हर क्लॉज'चा भंग होतो. शिवाय गाडी त्याच्या हातात दिली म्हणून कलम १८० खाली मालकालाही ५,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिक्षा झाल्यावर काय करायचं?

१. पॉलिसी एक दिवसही तुटू देऊ नका. खंड पडला तर ओन डॅमेजसाठी गाडीची पुन्हा तपासणी होते आणि ९० दिवसांच्या वर गेलं तर नो क्लेम बोनसही जातो.

२. फॉर्म खरा भरा. प्रपोजल फॉर्ममध्ये आधीची शिक्षा किंवा अपघात विचारला असेल, तर खरं लिहा. विम्याचा करार पूर्ण विश्वासावर चालतो. एजंट "रिकामं सोडा, काही होत नाही" म्हणाला, तरी खाली सही तुमची असते.

३. दुसरा ड्रायव्हर ठेवा. सहा महिन्यांचा पगार जास्त वाटतो, पण वरच्या २० लाखांशी तुलना करा. मालकच अपात्र ठरला असेल, तरी हाच नियम.

४. लायसन्स स्वतः तपासा. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. 'परिवहन'च्या 'सारथी' पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की स्थिती दिसते. नेमणुकीच्या वेळी आणि नंतर दर तीन महिन्यांनी बघा.

५. नियम लेखी ठेवा. "ड्युटीवर दारू नाही, संशय आला तर चावी परत" एवढं एका कागदावर लिहून ड्रायव्हरची सही घ्या. लग्नाच्या सीझनमध्ये रात्री उशिरा गाड्या परत येतात, तेव्हा एक ब्रेथ अ‍ॅनालायझर जवळ असू द्या. कागदाने तुमची जबाबदारी संपत नाही, पण गाडी निघण्याआधी थांबवता येते.

६. राहण्याची सोय करा. कार्यक्रमानंतर ड्रायव्हरला तिथेच झोपायला जागा आणि सकाळी निघायची परवानगी द्या. बरेचदा माणूस "शेठ ओरडतील" या भीतीने रात्रीच गाडी काढतो.

आजचं काम

तुमच्या गाडीच्या पॉलिसीची प्रत काढा. त्यात 'ड्रायव्हर क्लॉज' आणि 'एक्सक्लुजन्स' ही दोन ठिकाणं शोधून पेनाने खूण करा. मग गाडीच्या प्रत्येक ड्रायव्हरचं लायसन्स पोर्टलवर तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे, दुकान उघडण्याआधी होऊन जाईल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, आणि गाडीची चावी कुणाच्या हातात देताय तेही बघा!