१९४५ सालचे नोबेल-विजेते

१० डिसेंबर १९४५ रोजीं स्टॉकहोम येथें नोबेल पारितोषिकांचा समारंभ झाला, तेव्हां महायुद्ध संपून कांहीं महिनेच लोटले होते. १९४० ते १९४२ या तीन वर्षांत एकही पारितोषिक दिलें गेलें नव्हतें.

त्या वर्षींचें वैद्यकाचें पारितोषिक पेनिसिलिनच्या शोधाबद्दल फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांत वांटलें गेलें. १९२८ सालीं लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत फ्लेमिंग यांनीं जंतु वाढविलेल्या एका बशींत बुरशी पडली, आणि तिच्या भोंवतालचे जंतु नाहींसे झालेले त्यांना आढळले. शिळ्या भाकरीवर येणाऱ्या बुरशीची ती जवळची नातलग. लोक ही कथा बहुधा येथेंच संपवितात. परंतु बुरशींतील तें द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं लागेना, व सुमारें दहा वर्षें तो विषय मागें पडला. पुढें ऑक्सफर्ड येथें फ्लोरी यांनीं तो हातीं घेतला. त्यांचे सहकारी चेन हे हिटलरच्या जर्मनींतून १९३३ सालीं इंग्लंडांत आलेले यहुदी रसायनज्ञ. मे १९४० मध्यें आठ उंदरांना घातक जंतु टोंचून त्यांपैकीं चौघांना औषध देण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते चौघे जिवंत होते. उरलेले चारही मेले होते.

१९४१ सालीं एका पोलीस शिपायावर प्रयोग झाला. औषध इतकें तुटपुंजें कीं, त्याच्या मूत्रांतून तें परत काढून पुन्हां टोंचीत. तो सुधारूं लागला. पण सांठा संपला आणि तो दगावला. औषध वेगळें काढण्याची युक्ति शोधणारे व भांडीं मिळेनात तेव्हां रुग्णांच्या शौचपात्रांतही बुरशी वाढविणारे नॉर्मन हीटली यांचें नांव पारितोषिकांत नाहीं, हें खटकतें. ऑक्सफर्डनें त्यांना १९९० सालीं वैद्यकाची सन्माननीय पदवी दिली.

रसायनशास्त्राचे मानकरी फिनलंडचे व्हिर्तानेन. हिरव्या चाऱ्यावर सौम्य आम्ल शिंपडून तो हिवाळाभर टिकविण्याची रीत त्यांनीं घालून दिली. आपल्याकडील मुरघासाचीच ही शास्त्रीय तऱ्हा होय. पदार्थविज्ञानाचें पारितोषिक पाउली यांना मिळालें. एकाच अणूंतील दोन इलेक्ट्रॉन सर्वस्वीं एकाच अवस्थेंत राहूं शकत नाहींत, हा त्यांचा १९२५ चा नियम. साहित्याचा मान चिलीच्या कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल यांना मिळाला. खेड्यापाड्यांतील शाळांत शिकविणाऱ्या या बाईंच्या रूपानें लॅटिन अमेरिकेला तो प्रथमच लाभला. शांततेचें पारितोषिक अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्याकडे गेलें.

पुण्याजवळ पिंपरी येथें १९५५ सालीं पेनिसिलिन तयार होऊं लागलें, आणि तें आपल्याकडेही सुलभ झालें. फ्लेमिंग यांना धास्ती होती ती नेमकी या सुलभतेची. पारितोषिकानंतरच्या व्याख्यानांत त्यांनीं एका कल्पित गृहस्थाचें उदाहरण दिलें. घसा दुखतो म्हणून तो दुकानांतून पेनिसिलिन आणतो व अपुरें घेतो. जंतु मरत नाहींत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतु त्याच्या पत्नीला बाधतात, तिला न्युमोनिया होतो, आणि आतां तिच्यावर पेनिसिलिनचा उपाय चालत नाहीं.