एकाच रूपाचे निरनिराळे डांस

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यांत रोवणी व हिंवताप हीं दोन्ही पावसाबरोबर येतात. भद्रावतीच्या शेतकऱ्यास हें सांगावयास नको. ऐन कामाच्या दिवसांत घरांतील दोन माणसें अंथरुणास खिळलीं कीं बांधी तशीच पडून राहते.

आपल्या देशांतील खेड्यांत हा ताप मुख्यतः क्युलिसिफेसीस नांवाच्या अ‍ॅनाफिलीस डांसामुळें पसरतो. ती एकच जात आहे, अशी समजूत फार दिवस होती. १९८० सालीं ग्रीन व माइल्स यांनीं तिची गुणसूत्रें तपासून ती खोटी ठरविली. रक्त प्यालेल्या, अर्धवट अंडीं धरलेल्या मादीच्या अंडाशयांतील पोषकपेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. तेथील गुणसूत्रें चांगलीं जाड असून त्यांवर आडवे पट्टे असतात. कांहीं डांसांत पट्ट्यांचा जो क्रम सुलटा, तोच इतरांत उलटा निघाला. आणि दोन्ही प्रकार एके ठिकाणीं नांदत असतांहि मिश्र क्रमाचा डांस सांपडेना. अर्थात् त्यांचा संकर होत नाहीं. गांवांत एकाच नांवाचे दोन खातेदार असावे व भूमापन क्रमांकावांचून ते ओळखूं येऊं नयेत, त्यांतलाच हा प्रकार. ऑस्ट्रेलियांतील पालींतहि असेंच आढळलें. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पालींत गुणसूत्रें कोठें ४०, कोठें ४२, तर कोठें ४४ निघालीं.

डांसाच्या या जातींस अ, ब अशीं नांवें दिलीं. पुढें क व ड यांची भर पडली. ब जात बहुधा गुरांचें रक्त पिते व ताप फारसा पसरवीत नाहीं, असें ठरलें होतें. परंतु रामेश्वर बेटावर तीच ताप पसरवितांना दिसली! तेव्हां नरांचें वाय गुणसूत्र तपासलें, तों त्याच्या दोन ठेवणी निघाल्या, आणि १९९९ सालीं इ ही पांचवी जात वेगळी झाली. हा भेद नुसता पंडितांच्या उपयोगाचा नव्हे. डी. डी. टी.नें अ जात जितकी मरे, तितकी ब मरत नसे; म्हणून जात न ओळखतां केलेली फवारणी वायां जाण्याचा संभव असतो.

ही पारख घरीं होण्यासारखी नाहीं. बांधींतील पाणी मधून मधून काढून टाकल्यास अळ्या मरतात खऱ्या, पण पावसावर विसंबणाऱ्या धानकऱ्यास तसें सांगण्यास आमची जीभ रेटत नाहीं. विहिरींत व खड्ड्यांत गप्पी मासे मात्र अवश्य सोडावे, मच्छरदाणी लावावी, आणि फवारलेल्या भिंती सणासाठीं लगेच सारवूं नयेत; सारवणाखालीं औषध झांकलें जातें.