एमसीबी कोणत्या कंपनीचा?

घराची नवी वायरिंग करताना आपण वायरमनला हमखास विचारतो, ‘बटणे आणि एमसीबी कोणत्या कंपनीचे घेऊ?’ एक जण अँकर सांगतो, दुसरा लेग्रां, तिसरा हॅवेल्स. बटणांपुरते या मताला वजन आहे. सॉकेटची पकड कधी सैल होते, कोणते बटण लवकर ढिले पडते, हे त्याने हाताळून पाहिलेले असते. एमसीबीचे तसे नाही. तो ऐनवेळी पडेल की नाही हे हाताला कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतील चाचणीच हवी. म्हणून तेथे नावाआधी आयएसआय खूण आणि छापलेला आकडा पाहावा.

समजा, ‘सी १६’ छापले आहे. १६ अँपिअर हा त्याचा नेहमीचा प्रवाह. प्रवाह याच्या १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअर झाला, की आतली द्विधातू पट्टी तापून वाकते आणि तासाभरात एमसीबी पाडते. शॉर्टसर्किटच्या वेळी तासभर थांबून कसे चालेल? तेथे विद्युतचुंबक धावून येतो. ‘सी’चा अर्थ असा, की हा चुंबक ५ ते १० पट प्रवाहाला क्षणात काम करतो.

सारखा पडतो म्हणून कोणी १६ ऐवजी ३२ चा बसवला, तर ४६ अँपिअर प्रवाहसुद्धा जवळजवळ तासभर वाहू शकेल. भिंतीतल्या दीड चौरस मिलिमीटर तारेचे आवरण तोवर करपेल. एमसीबी राखण करतो ती या तारेची. माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वेगळा घ्यावा लागतो.