पुलाखालची नर्मदा

मुंबईत उड्डाणपूल उभा राहिला की त्याच्या पोटाखालची जागा बेवारस होते. आधी चार गाड्या लागतात, मग राडारोडा येऊन पडतो आणि वर्षभरात ती जागा आपली होती हेच लोक विसरतात. माटुंग्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरच्या पुलाखाली मात्र २०१६ पासून नानालाल डी. मेहता उद्यान आहे. सुमारे ६०० मीटरची पायवाट तिथे नर्मदेच्या वळणांनी जाते. कल्पना देखणी आहेच, पण मला मोलाची वाटतात ती उद्यानाआधीची वर्षे. ‘वन माटुंगा’ या नावाखाली एकत्र आलेल्या रहिवाशांनी पुलाखाली गाड्या शिरू नयेत म्हणून पदरमोड करून पहारा ठेवला आणि पालिकेचा पिच्छा सोडला नाही. उद्यान अखेर पालिकेनेच बांधले. रहिवाशांनी पालिकेचे काम अंगावर ओढून घेतले नाही, ते तिला करायला लावले आणि तोवर जागा राखली. लोकसहभाग म्हणजे रविवारचे श्रमदान, असा समज रूढ आहे. त्याचे खरे बळ या राखणीत आणि पाठपुराव्यात आहे.

यावर आक्षेप ठरलेला : माटुंग्याला हे जमते, कारण तिथे वेळ, पैसा आणि ओळखी आहेत. आक्षेपात तथ्य आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा आखून वसवले, रुंद रस्ते आणि पाच उद्याने दिली. दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांनी मग म्हैसूर असोसिएशन (१९२६), साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी (१९३२) अशा संस्था उभारल्या. सभा बोलावणे, हिशेब मांडणे, पुढची फळी तयार करणे ही सवय त्यातून मुरली. पण ही सवय श्रीमंतांचीच मिरासदारी नव्हे. ज्या माटुंगा लेबर कॅम्पातून अण्णा भाऊ साठ्यांसारखा शाहीर घडला, त्याच्यासारख्या कष्टकरी वस्त्यांनीही संघटना बांधल्या. १९९५ नंतरच्या वस्ती स्वच्छता कार्यक्रमात शहरातल्या अनेक झोपडपट्ट्यांची सार्वजनिक शौचालये स्थानिक मंडळांकडे आली. जिथे घरटी पास, नेमलेला सफाई कामगार आणि चोख हिशेब राहिला, तिथे ती टिकली. जिथे मंडळ एकाच दादाच्या मुठीत गेले, तिथे शौचालय हा धंदा झाला. खंत एवढीच, की जी सोय पालिकेचे कर्तव्य आहे तिच्यासाठी गरिबाला महिन्याला वेगळे पैसे मोजावे लागतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रहिवासी संघाला निवडून कोणी दिले? १९९७ मध्ये घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’ (एएलएम) या रहिवासी गटांच्या चळवळीने कचरा वेगळा करायला शिकवले, पण तिच्या बैठकीत भाडेकरू, घरकामगार, फेरीवाला क्वचितच दिसला. म्हणूनच अशा गटांना विरोध न करता त्यांना कायद्याच्या चौकटीत आणायला हवे, असे मला ठामपणे वाटते. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या. २००९ च्या राज्याच्या कायद्याने त्याही खाली, प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला स्थान देणाऱ्या क्षेत्रसभा सांगितल्या. मुंबईत त्या कागदावरच राहिल्या. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच नव्हते. त्या काळात क्षेत्रसभा भरत असत्या, तर फुटलेल्या गटाराची तक्रार घेऊन प्रशासकाच्या दारात ताटकळण्याऐवजी लोकांना निदान आपल्याच गल्लीत जाब विचारण्याची हक्काची जागा मिळाली असती. अशा चौकटीचा नमुनाही आहे : २०१४ च्या फेरीवाला कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आहेत. माटुंग्याच्या बाजारात फुलांचे गजरे विकणारीला तिथे कायद्याने खुर्ची मिळते, तशी ती उद्यानाच्या देखरेखीतही मिळायला हवी.